टेटूला शेंगा भरपूर, मग जंगलात नवी रोपं का दिसत नाहीत?

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याहून उंबरठाणकडे जाताना डोंगरउतारावरचं सगळं रान उघडं पडलेलं असतं. साग, ऐन, बिबळा, पांगारा, सगळे निष्पर्ण. त्यात एखाद्या सडपातळ झाडाच्या शेंड्याला काळपट, चपट्या, हात-दोन हात लांबीच्या शेंगा तलवारीसारख्या लोंबताना दिसल्या, तर ते झाड टेटूचं. शास्त्रीय नाव ऑरोझायलम इंडिकम. संस्कृतात श्योनाक, अरलू, टुंटुक, शुकनास अशी बरीच नावं आहेत, त्यातलं टुंटुक आपल्या टेटूच्या अगदी शेजारचं.

एका शेंगेत कागदासारख्या पातळ, पांढऱ्या पंखाच्या बिया शेकड्यानं असतात आणि एका झाडाला अशा शेंगा बऱ्याच लागतात. ताजं बी पेरलं तर उगवतंही छान. तरीही हे झाड अनेक ठिकाणी विरळ झालंय, आणि औषधी वनस्पतींच्या पाहण्यांमध्ये ते बऱ्याच राज्यांत संकटग्रस्त म्हणून नोंदलं गेलंय. बी इतकं, उगवणही चांगली, तरी झाडं कमी, हे गणित जुळत नाही. ते समजायला टेटूचं वर्षभराचं वेळापत्रक बघावं लागतं.

आधी झाड ओळखू

टेटू साधारण 8 ते 12 मीटर वाढतो. फांद्या कमी, आणि पानांचा पसारा सगळा फांद्यांच्या टोकाला. एक पान म्हणजे मीटर-दीड मीटर लांबीचा देठ, त्याला उपदेठ, उपदेठांना पुन्हा पर्णिका, म्हणजे छोटी पानं. शेवग्याचं पान दहापट मोठं केल्यासारखं. पानगळीत आधी पर्णिका गळतात, मग हे लांब देठ सांध्यासांध्यावर तुटून झाडाखाली पडतात आणि हाडांच्या ढिगासारखे दिसतात. अनोळखी माणूस अंधारात दचकला तर नवल नाही.

गोंधळ मुख्यतः तीन झाडांशी होतो. खडशिंगीच्या शेंगाही लांब असतात, पण त्या गोलसर, कठीण आणि अंगावर गाठी असलेल्या. मेडशिंगीची शेंग अरुंद आणि मेंढ्याच्या शिंगासारखी वाकडी. टेटूची शेंग मात्र चपटी आणि चार बोटं किंवा त्याहून थोडी जास्त रुंद. ही तिन्ही झाडं एकाच कुळातली, त्यामुळे साम्य असणारच. तिसरा गोंधळ महारुखाशी होतो. तो दिसण्यातून कमी आणि नावातून जास्त झालेला आहे, आणि तोच महागात पडतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

पानझडी जंगल म्हणजे काय

नाशिक जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस झपाट्यानं कमी होतो. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर, येवला-नांदगावकडे 500-600च्या आसपास. टेटूचं घर पश्चिमेला: सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी आणि दिंडोरी-कळवणचा डोंगरी भाग. इथलं जंगल आर्द्र पानझडी. पाऊस भरपूर, पण तो सगळा चार महिन्यांत उरकतो. उरलेले आठ महिने बेसाल्टच्या खडकावरचा मातीचा पातळ थर वाळत जातो. पानांतून सतत पाण्याची वाफ जात असते. मुळांना पाणी मिळेनासं झालं की झाडानं पानं टाकून देणं हा सरळ हिशेब. येवल्याच्या बाजूला पाऊस इतका कमी की तिथे काटेरी झुडपंच तग धरतात, टेटू नाही.

टेटूची आणखी एक सोय आहे. त्याची मुळं जाड आणि मांसल असतात. पावसाळ्यात कमावलेलं अन्न आणि पाणी तो त्यांत साठवतो आणि उन्हाळा त्यावर काढतो. जूनच्या तोंडावर नवी पानं आणि मग फुलोरा फुटतो तो याच साठ्यावर. पुढे बघाल की माणसाला हवं असतं ते नेमकं हे मूळ.

जागेची निवडही ठरलेली. ओहोळांच्या काठची, उताराची, दगडगोट्यांची, पाण्याचा निचरा होणारी माती लागते. आणि ऊन लागतं. दाट सावलीत टेटूचं रोप रेंगाळतं, म्हणून तो बहुतेक वेळा जंगलाच्या कडेला, दरड कोसळून उघड्या पडलेल्या उतारावर किंवा मोठं झाड पडून तयार झालेल्या मोकळ्या जागेत दिसतो.

रात्रीचं फूल आणि वटवाघूळ

पावसाळ्यात टेटूच्या शेंड्यातून जाड दांडा वर निघतो, पानांच्या पसाऱ्याच्याही वर. त्यावर मोठी, मांसल फुलं. बाहेरून जांभळट-तपकिरी, आतून पिवळट, आणि वास असा की देवाला कुणी वाहणार नाही. फूल रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत जमिनीवर पडतं. एका दांड्यावर एका रात्री मोजकीच फुलं उमलतात.

ही सगळी मांडणी वटवाघळासाठी आहे. उंच दांडा म्हणजे पंखांना फांद्यांचा अडथळा नाही. मांसल पाकळ्या म्हणजे वटवाघूळ येऊन लोंबकळलं तरी फूल फाटत नाही. उग्र वास अंधारात लांबून कळतो. फळं आणि मध खाणारी वटवाघळं मधासाठी तोंड आत घालतात, डोक्यावर-खांद्यावर पराग माखून पुढच्या झाडाकडे जातात. फुलातल्या स्त्रीकेसराच्या टोकाला दोन पाळ्या असतात, स्पर्श झाला की त्या मिटतात.

टेटूचं स्वतःचाच पराग वापरून फळ धरत नाही, असं त्याच्या परागीभवनाच्या अभ्यासांत दिसलंय. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. एका डोंगरावर एकच टेटू उरला तर तो दरवर्षी फुलेल, फुलं गाळेल, आणि शेंग जवळजवळ धरणार नाही. लांबून बघणाऱ्याला झाड धडधाकट वाटेल. शिवाय दोन झाडं असली तरी त्यांच्यामध्ये वटवाघळाची फेरी व्हायला हवी. वटवाघळांना गुहा, जुने वाडे, मोठे वड-उंबर लागतात. वडाची फांदी रस्तारुंदीत गेली की वटवाघळांची वस्ती उठते. आणि नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला वटवाघूळ नकोसंच असतं, त्याचंही चूक म्हणता येणार नाही. बागेला जाळी लावणं हा दोघांना परवडणारा मार्ग. वस्तीच्या झाडाखाली धूर करणं किंवा फटाके लावणं यानं वटवाघळं पुढच्या बागेत जातात, आणि जंगलातली फेरी मात्र तुटते.

बी चुकीच्या महिन्यात पडतं

पावसाळ्यात धरलेली शेंग हिवाळाभर वाढते, वाळते आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उकलते. तेव्हा झाडावर पान नसतं, वारा सुटलेला असतो, आणि पंखाचं बी भिरभिरत दूर जातं. बी पसरायला याहून चांगला काळ नाही.

पण रुजायला जूनचा पाऊस लागतो. म्हणजे दोन ते चार महिने हे कागदासारखं बी वाळलेल्या पाचोळ्यावर उघडं पडून राहतं. आणि हेच महिने वणव्याचे. पश्चिम पट्ट्यात आग लागायची कारणं ठरलेली आहेत. मोहाची फुलं पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि वाऱ्यानं ती आग रानात शिरते. नागली-भाताच्या रोपांसाठी राब भाजताना, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळताना, ठिणगी बांधापलीकडे जाते. कुणी विडी टाकतो. जमिनीवरून सरकणारी ही आग फूटभरच उंच असते. सागाला ती फारसं करत नाही. टेटूच्या बियांचा मात्र त्या वर्षाचा सगळा हंगाम तासाभरात जातो, आणि मागच्या पावसात उगवलेली वीतभर रोपंही.

वणवा जुना आहे आणि पानझडी जंगल त्याला थोडंफार सरावलेलंही आहे, हे खरं. पाच-सहा वर्षांतून एकदा आग आली तर मधल्या वर्षांत काही रोपं डोक्यावर जातात, साल जाड होते, तगतात. दरवर्षी आग आली तर एकही पिढी त्या उंचीला पोहोचत नाही. मग जंगलात दिसतात ते फक्त म्हातारे टेटू. झाडं मोजणारा समाधानी असतो, पण खाली बघितलं तर मनगटाएवढं एकही खोड नसतं.

उपाय अवघड नाही. जानेवारीत, गवत पूर्ण वाळण्याआधी, टेटूच्या झाडांभोवती आणि वाऱ्याच्या दिशेला दोन-तीन मीटर रुंदीची जाळरेषा काढायची, म्हणजे आग ओलांडू नये म्हणून गवत-पाचोळा काढून टाकलेला पट्टा. मोहाखालचा पाचोळा पेटवण्याऐवजी झाडून कडेला ओढायचा किंवा फुलांच्या दिवसांत खाली जुनी साडी-जाळी अंथरायची. फुलं स्वच्छ मिळतात, त्यामुळे हे लोकांना पटतं.

मूळ खणलं की काय होतं

आयुर्वेदातलं दशमूळ म्हणजे दहा मुळं. त्यातली पाच झुडपांची-छोट्या रोपांची आणि पाच झाडांची. झाडांची पाच, म्हणजे बृहत् पंचमूळ: बेल, शिवण, पाडळ, अग्निमंथ आणि टेटू. बाळंतिणीला दिल्या जाणाऱ्या दशमूलारिष्टात आणि च्यवनप्राशातही हे दशमूळ असतं. शालपर्णीसारखं छोटं रोप मुळासकट उपटलं तर पुढच्या पावसात बियांतून नवं येतं. झाडाचं तसं नाही. टेटूला फुलोऱ्यावर यायलाच वर्षं लागतात. त्याआधी मूळ खणून नेलं तर त्या झाडानं एकही बी न देता खेळ संपतो. खणणाऱ्याला कोवळं झाडच सोपं पडतं, कारण खड्डा लहान आणि मूळ मऊ. तोटा इथे दुप्पट होतो.

टेटूचं एक वैशिष्ट्य मात्र माणसाच्या उपयोगाचं आहे. त्याच्या आडव्या मुळांना फुटवे येतात. मूळ जपून कापलं तर मातीत राहिलेल्या तुकड्यातून नवं झाड उभं राहू शकतं. म्हणून काढणी करायचीच असेल तर ती अशी:

बी पडून गेल्यावर, म्हणजे एप्रिलच्या सुमाराला, फक्त फळलेल्या मोठ्या झाडाची. खोडापासून किमान एक मीटर दूर, झाडाच्या एकाच बाजूला चर खणायचा. उताराच्या खालच्या बाजूला खणू नये, कारण झाडाचा आधार तिथे असतो आणि पहिल्या वादळात ते कलंडतं. मधलं सोटमूळ आणि उरलेल्या तीन बाजू तशाच ठेवायच्या, म्हणजे आडव्या मुळांपैकी फार तर पाव भाग निघेल. धारदार कोयत्यानं सरळ काप. कुऱ्हाडीनं ठेचलेलं टोक कुजतं. चर लगेच मातीनं भरून वर पाचोळा टाकायचा, नाहीतर उघडी मुळं उन्हानं मरतात आणि पावसात चरातून माती वाहून जाते. त्या झाडाला पुन्हा हात तीन-चार वर्षांनी, आणि तोही दुसऱ्या बाजूला.

खोडाची साल काढणं मुळापेक्षा सौम्य, पण तेही चुकीचं केलं तर तितकंच घातक. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून. साल गोल, बांगडीसारखी सोलली तर हा रस्ता सगळीकडून बंद होतो. झाड लगेच मरत नाही, पुढच्या पावसाळ्यात पानंही फुटतात, आणि मग मुळं उपाशी राहून ते वाळतं. तोवर सोलणारा विसरलेला असतो. म्हणून उभी पट्टी, खोडाच्या घेराच्या पाव भागापेक्षा जास्त नाही, आणि आतल्या लाकडावर ओरखडा न उमटवता. ग्रंथांत मूळ सांगितलंय हे खरं. पण बायकॅलीन, क्रायसिन आणि टेटूच्याच नावावरून नाव पडलेलं ऑरोझायलिन-ए ही द्रव्यं खोडाच्या सालीतही सापडतात. कारखानदार आणि वैद्य खोडसाल चालवून घेतील तर खणणं बरंच कमी होईल. हा निर्णय जंगलातल्या माणसाच्या हातात नाही, खरेदीदाराच्या आहे.

राखीव जंगलातून परवानगीशिवाय मूळ-साल काढणं भारतीय वन अधिनियम 1927 खाली गुन्हा आहे. वनहक्क कायदा 2006 खाली ज्या ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळालेत, तिथे गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तू, कुणी, किती आणि केव्हा काढायचं हे ग्रामसभा ठरवू शकते. वरचे नियम ठरावात घालायची जागा तीच.

बाजारातला टेटू

नाशिकच्या गावठाणातल्या काष्ठौषधीच्या दुकानात 'टेटूची साल' मागितली तर मिळते. ती टेटूचीच असेल याची खात्री नाही. पश्चिम आणि दक्षिण भारतात श्योनाकाच्या नावाखाली महारुखाची साल सर्रास विकली जाते. कारण संस्कृतातलं 'अरलू' हे नाव दोन्ही झाडांना लावलं गेलं, आणि महारुख रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर कुठेही उगवतो. ज्याला टेटू माहीत नाही अशा गोळा करणाऱ्याला 'अरलू आण' म्हटलं की तो महारुख आणतो. यात लबाडी असतेच असं नाही.

झाड उभं असताना फरक सोपा. महारुखाचं पान एकदाच विभागलेलं, दोन्ही बाजूंना पर्णिकांच्या रांगा, पर्णिकांच्या कडा ओबडधोबड दातेरी. शेंगा नाहीतच. त्याऐवजी मधोमध बी असलेली, टोकाला पीळ पडलेली चपटी पंखफळं झुपक्यांनी. टेटूची ताजी साल कापली की मऊ, बुचासारखी लागते आणि आतून हिरवट रस येतो. चव आधी गोडसर आणि मग कडवट. महारुखाची साल पहिल्या क्षणापासून कडूजहर. वाळलेल्या तुकड्यांत हा फरक धूसर होतो आणि पावडरीत डोळ्यांनी ओळखणं अशक्य. म्हणून पावडर घेऊ नये, तुकडे घ्यावेत, आणि मोठ्या खरेदीला प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. दोन्हीतली द्रव्यं वेगळी आहेत, एकाचा गुण दुसऱ्यात येत नाही.

काहींचं म्हणणं, महारुख वापरल्यानं टेटू वाचतोय ना, मग बिघडलं कुठे? ज्यानं औषध म्हणून पैसे मोजले त्याला हे सांगून बघावं.

बियांपासून रोप

मोठी सोपी गोष्ट, पण चार-पाच ठिकाणी हमखास चुकते.

शेंग तपकिरी-काळी झाली पण उकललेली नाही, अशा वेळी तोडायची. हिरवट शेंगेतलं बी अपक्व असतं, ते उगवत नाही. उकललेल्या शेंगेखाली वेचायला गेलात तर निम्मं वाऱ्यानं गेलेलं. शेंगा दोन-चार दिवस उन्हात, वर कापड टाकून. मग बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडून बुरशी येते. बी फार टिकाऊ नाही, त्याच वर्षी लावायचं. शेंगा एकाच झाडाच्या घेऊ नयेत. किमान चार-पाच झाडांचं बी एकत्र करा आणि प्रत्येक झाडावर निम्म्याहून जास्त शेंगा राहू द्या.

मार्च-एप्रिलमध्ये 5 बाय 8 इंचाच्या पिशव्या भरायच्या. दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. खत कच्चं असेल तर त्याच्या उष्णतेनं कोंब जळतो. बी आडवं ठेवून वर अर्धा सेंटिमीटर माती. खोल गेलं की कोंब वर येत नाही, उघडं राहिलं की पंखासकट उडतं. पाणी झारीनं, सकाळी, माती ओलसर राहील इतकंच. एक ते तीन आठवड्यांत उगवण होते.

पहिला महिना धोक्याचा. पाणी जास्त झालं की कोवळं खोड मातीलगत काळं पडून रोप कोलमडतं. एका पिशवीत सुरू झालं की शेजारच्या पिशव्यांत पसरतं. अशी पिशवी लगेच बाजूला काढावी, पाणी कमी करावं, पिशव्यांमध्ये हवा खेळेल इतकं अंतर ठेवावं. महिन्यातून एकदा प्रत्येक पिशवी उचलून जागा बदलायची. नाही बदलली तर सोटमूळ पिशवीच्या बुडातून जमिनीत जातं, आणि जुलैमध्ये उचलताना तुटतं. टेटूचं सगळं बळ त्या मुळात असल्यानं असं रोप लावूनही जगत नाही.

खड्डा 45 सेंटिमीटर लांब-रुंद-खोल, मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावा. पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेर-जुलैत लागवड. खड्ड्यात शेणखत आणि वरची माती, आणि रोपाभोवती थोडा उंचवटा, म्हणजे पाणी साचणार नाही. सपाट काळ्या जमिनीत टेटू न लावलेला बरा. पावसाळ्यात तिथे मुळं कुजतात आणि उन्हाळ्यात भेगा पडून तुटतात. सिन्नर-येवल्याकडे लावायचंच असेल तर पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्याला पाणी आणि मुरमाड निचऱ्याची जागा, एवढी तयारी हवी. कुठेही लावा, तीनपेक्षा कमी लावू नका, आणि ती वेगवेगळ्या झाडांच्या बियांची असू द्या. कारण वर आलंच आहे, एकटा टेटू फळत नाही.

आणि लागवडीतली सगळ्यात मोठी हानी होते ती पहिल्या हिवाळ्यात, तीही रोगानं नाही. डिसेंबर-जानेवारीत रोपाची पानं गळतात आणि जमिनीतून वर आलेली एक राखाडी काडी उरते. पाहणीला आलेला माणूस 'मेलं' लिहितो, पाणी बंद होतं, कुंपणाचे काटे दुसरीकडे जातात, शेळी येऊन शेंडा चावते. मेलं म्हणण्याआधी नखानं साल थोडी खरवडून बघावी. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर रोप झोपलंय. शेंडा वाळलेला असला तरी बुडाशी खरवडून पुन्हा बघावं, कारण मुळातून नवा फुटवा येऊ शकतो. प्रत्येक रोपाशेजारी टोकाला रंग दिलेली बांबूची काठी ठोकून ठेवावी आणि जगलेल्या रोपांची मोजणी जुलैअखेर, नवी पानं फुटल्यावरच करावी.